पहिल्या गोळीची परीक्षा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या पठारांवर, विशेषतः वायोमिंग, माँटाना, नेवाडा आणि न्यू मेक्सिको या राज्यांतील सेजब्रश नावाच्या करड्या, उग्र वासाच्या झुडपांनी व्यापलेल्या माळांवर, कायोटीच्या शिकारीसाठी नवी रायफल घेतली जाते तेव्हा ती किती लांब मारते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. पण तिच्या चाचणीत ज्याचे उत्तर मिळवायचे असते तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो म्हणजे रात्रभर थंड पडलेल्या नळीतून सुटणारी पहिली गोळी नेमकी कुठे जाते. कायोटीच्या शिकारीत दुसरी गोळी झाडण्याची संधी क्वचितच मिळते आणि मिळाली तरी ती ताशी 60 किलोमीटरांहून अधिक वेगाने पळणाऱ्या, भेदरलेल्या आणि कदाचित जखमी झालेल्या जनावरावर झाडावी लागते; म्हणून या रायफलीची सगळी परीक्षा त्या पहिल्या गोळीभोवती बांधावी लागते.

कायोटी हा कुत्र्याच्या कुळातला, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या आकाराचा प्राणी आहे. टॉमस से या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने 1823 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा श्वान, हे नाव दिले. पश्चिमेकडील कायोटीचे वजन साधारणतः 9 ते 16 किलो भरते, म्हणजे महाराष्ट्रातील उसाच्या फडांत आणि खाडीकाठच्या कांदळवनांत आढळणाऱ्या सोनेरी कोल्ह्यापेक्षा तो थोडा जड असतो. मात्र उंदीर, ससे, मेलेली जनावरे, फळे आणि माणसाचे उष्टेखरकटे अशा सर्व गोष्टींवर जगण्याची दोघांची हातोटी सारखीच आहे. हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट केस येतात आणि तो आहे त्यापेक्षा बराच मोठा दिसू लागतो. नव्या शिकाऱ्याची पहिली फसगत इथे होते, कारण त्या केसांच्या आत हृदय आणि फुप्फुसे यांनी व्यापलेला भाग, ज्यावर गोळी लागली तरच मृत्यू तत्काळ येतो, जेमतेम 4 ते 5 इंच व्यासाचा असतो.

शिकारीची प्रचलित रीत अशी की शिकारी वाऱ्याची दिशा पाहून झुडपाला पाठ टेकून बसतो आणि जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज तोंडाने फुंकायच्या शिट्टीतून किंवा विजेवर चालणाऱ्या ध्वनियंत्रातून काढतो. तो आवाज ऐकून येणारा कायोटी बहुधा सरळ येत नाही. आवाजाच्या उगमाला वळसा घालून, तिथला वास आपल्याकडे येईल अशा बाजूला जाण्याचा तो प्रयत्न करतो, आणि वाटेत काही क्षण थबकतो. अनुभवी शिकारी अशा वेळी तोंडाने हलकेच भुंकल्यासारखा आवाज करून त्याला थांबवतात. तो थांबतो तेव्हाचे अंतर बहुतेकदा 200 यार्डांच्या आत असते, कधी 300 यार्डांपर्यंत जाते. एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर. रायफलीकडून जे काही हवे आहे ते या थोड्या क्षणांसाठी, या अंतरासाठी आणि या लहानशा वर्तुळासाठी हवे आहे.

ही शिकार कशासाठी होते, हे समजल्याशिवाय चाचणीचे गांभीर्य ध्यानात येत नाही. अमेरिकेतील मेंढपाळांच्या दृष्टीने कायोटी हा कोकरांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. वायोमिंगमध्ये त्याची गणना भक्षक प्राण्यांत होत असल्यामुळे त्याला वर्षभर मारता येते आणि त्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. संघराज्य सरकारनेही 1931 च्या कायद्याखाली भक्षक प्राण्यांच्या निर्मूलनाचा मोठा कार्यक्रम उभारला आणि त्यात विषाचा इतका सढळ वापर झाला की 1972 मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना सरकारी जमिनींवर त्यासाठी विष वापरण्यास बंदी करणारा आदेश काढावा लागला. एवढे होऊनही कायोटी कमी झाला नाही. उलट लांडगे नाहीसे झालेल्या प्रदेशांत तो पसरत गेला आणि आज अलास्कापासून पनामापर्यंत पोहोचला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी 1975 मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार, दरवर्षी एकूण कायोटींपैकी 75 टक्के मारले तरी ती संख्या पूर्णपणे संपायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. याचे कारण असे की कळपातील प्रौढ जोडी मारली गेली की कळपाची घडी विस्कटते, एरवी न विणाऱ्या तरुण माद्या विऊ लागतात आणि भक्ष्य वाटून घेणारे कमी झाल्यामुळे अधिक पिल्ले जगतात.

तेव्हा रायफलीने कायोटींचा बंदोबस्त होतो, हा समज व्यापक अर्थाने टिकत नाही. एखाद्या कुरणात कोकरांवर चटावलेला विशिष्ट कायोटी मारल्याने त्या मोसमापुरता उपयोग होतो, हे खरे; परंतु दीर्घकाळच्या रक्षणासाठी 1970 च्या दशकापासून अमेरिकेत ग्रेट पिरेनीज आणि अ‍ॅनाटोलियन शेफर्ड या जातींचे राखणदार कुत्रे मेंढरांबरोबर वाढवले जाऊ लागले, आणि दख्खनच्या माळांवर कुत्र्यांसह मेंढरे राखणाऱ्या धनगरांना त्यातले तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बक्षिसे लावून कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये आणि न्यू मेक्सिकोने 2019 मध्ये बंदी घातली. भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई असल्यामुळे मराठी वाचकाला हा विषय परका वाटेल. पण जिथे ही शिकार कायदेशीर आहे तिथे ती करणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट पूर्णपणे असते, आणि ती म्हणजे आपल्या गोळीने जनावर तडफडत पळून जाऊन दिवसभराने मरणार नाही याची आधीच खात्री करून घेणे. चाचणीचा खरा हेतू हाच मानला पाहिजे.

रायफलीची निवड काडतुसापासून सुरू होते. कायोटीसाठी विशेष लोकप्रिय असलेल्या काडतुसांपैकी .22-250 रेमिंग्टन हे मुळात कारखान्यातून आलेले नव्हे; .250 सॅव्हेज या जुन्या काडतुसाचे तोंड आवळून त्यात लहान गोळी बसवण्याचे प्रयोग हौशी कारागिरांनी केले, त्यातून 1930 च्या दशकात ते आकाराला आले आणि रेमिंग्टन कंपनीने 1965 मध्ये त्याला आपल्या यादीत स्थान दिले. या काडतुसातील नेहमीची गोळी 55 ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला 3,600 फुटांहून अधिक, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाने नळीबाहेर पडते. एवढा वेग हवा असतो तो केवळ ताकदीसाठी नव्हे. वेगवान गोळीचा मार्ग अधिक सपाट राहतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा बिघडत नाही. शिवाय पातळ कवचाची हलकी गोळी शरीरात शिरताच फुटून तिथेच थांबते, त्यामुळे कातडे फाटत नाही आणि उघड्या माळावर गोळी पार होऊन दूरवर जाण्याचा धोकाही कमी होतो. याच कामासाठी .223 रेमिंग्टन, .243 विंचेस्टर आणि 2004 मध्ये आलेले .204 रूगर ही काडतुसेही वापरली जातात; .223 चा धक्का आणि खर्च कमी, तर .243 ची जड गोळी वाऱ्यात अधिक तग धरते.

नळीच्या आतील पीळदार खाचांना इंग्रजीत रायफलिंग म्हणतात आणि शस्त्राला रायफल हे नाव त्यावरूनच मिळाले. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि ती हवेत न कोलमडता टोक पुढे ठेवून जाते. 14 इंचांत एक पूर्ण वेढा घेणाऱ्या नळीतून वर सांगितलेल्या वेगाने सुटलेली गोळी सेकंदाला तीन हजारांहून अधिक वेळा फिरते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो, हा संबंध जॉर्ज ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने 1879 मध्ये सूत्रबद्ध केला. जुन्या धाटणीच्या .22-250 रायफलींत 14 इंचांत एक वेढा असे, तो 55 ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांना पुरतो. अलीकडच्या काही रायफलींत तो 8 किंवा 9 इंचांत एक असा घट्ट केलेला असतो, जेणेकरून 70 ग्रेनच्या पुढच्या लांब गोळ्याही स्थिर राहाव्यात. नवी रायफल घेणाऱ्याने हा आकडा आधी पाहिला नाही तर तो चुकीच्या गोळीने चाचणी करतो आणि दोष नळीला देतो.

गोळी झाडण्याआधीची तपासणी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे पुष्कळ मनस्ताप तीच वाचवते. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे आणि दस्ता धरून ठेवणारे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच आवळावे लागतात, आणि त्यासाठी आवळण्याचा जोर दाखवणारा पाना वापरावा लागतो. नेम का भटकतो याचे उत्तर अनेकदा एका सैल स्क्रूत सापडते. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी नळीच्या मुळापर्यंत सहज सरकली पाहिजे, कारण दस्ता नळीला कुठे टेकला तर नळीचे कंपन दर वेळी वेगळे होते, आणि लाकडी दस्ता तर हवेतील ओलाव्याने फुगून आज न टेकणारा उद्या टेकू शकतो. कानांचे रक्षण ही यातली सर्वांत महत्त्वाची तयारी होय. अशा रायफलीचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो, तर 140 डेसिबलच्या एका धडाक्यानेही श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

प्रत्यक्ष नेम बसवताना पहिल्या गोळ्या 25 यार्डांवरून झाडतात, कारण दुर्बीण नुकतीच बसवलेली असल्याने दूरच्या कागदावर गोळी लागेलच याचा भरवसा नसतो. दुर्बिणीच्या चकत्या मिनिट या कोनमापात फिरतात; वर्तुळाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि 100 यार्डांवर तो 1.047 इंच इतका भरतो. चकतीचा एक टिचका बहुधा पाव मिनिटाचा असतो, म्हणजे 100 यार्डांवर गोळी पाव इंच सरकते, पण 25 यार्डांवर केवळ एक षोडशांश इंच. म्हणून जवळून 2 इंच खाली लागलेली गोळी वर आणायला 32 टिचके लागतात. हा हिशेब ठाऊक नसलेला माणूस पाच-सहा टिचके फिरवून दुर्बीण बिघडल्याची शंका घेतो. .22-250 चा नेम 200 यार्डांवर बसवायचा असेल तर गोळी 25 यार्डांवर अर्धा-पाऊण इंच खाली आणि 100 यार्डांवर सुमारे एक इंच वर लागली पाहिजे. 300 यार्डांवर ती सुमारे 5 इंच खाली जाते.

वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून एकाच बिंदूवर झाडलेल्या गोळ्यांचा कागदावर जो झुबका पडतो, त्यातील एकमेकींपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर हे रायफलीच्या अचूकतेचे माप मानले जाते. याच मापाने सर्वाधिक लोक फसतात. तीन गोळ्यांचा सुरेख झुबका पडला की तो कागद घडी घालून खिशात ठेवला जातो आणि रायफल अर्ध्या इंचाची असल्याचे सांगितले जाते. पण त्याच रायफलीने पाच गोळ्या झाडल्या तर झुबका सरासरीने सुमारे सव्वापट आणि दहा झाडल्या तर दीडपटीहून अधिक रुंद पडतो. यात रायफल बिघडत नाही. जितक्या अधिक गोळ्या तितकी एखादी कडेला पडण्याची शक्यता अधिक, इतके साधे संभाव्यतेचे तत्त्व त्यामागे आहे. सरासरी एक इंचाचा झुबका देणारी रायफल कधी पाऊण इंचाचा, तर कधी सव्वा इंचाचा झुबका देईल, आणि या दोन कागदांवरून दोन प्रकारच्या काडतुसांत डावे-उजवे ठरवणे म्हणजे नाणेफेकीवर निकाल देणे होय. चांगला झुबका निवडून वाईट झुबक्याला हात हलल्याचे कारण देण्याची सवय तर अधिकच घातक आहे. झाडलेली प्रत्येक गोळी मोजणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो दहा किंवा वीस गोळ्यांच्या नोंदीशिवाय पुरा होत नाही.

परंतु कायोटीच्या शिकाऱ्याला या झुबक्यापलीकडेही जावे लागते. बाकावर बसून झाडलेल्या दहा गोळ्यांपैकी नऊ गोळ्या तापलेल्या नळीतून जातात, आणि माळावर नळी कधीच तापलेली नसते. नुकत्याच साफ केलेल्या नळीत तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. गोळीच्या तांब्याच्या कवचाचा पातळ थर नळीच्या आत बसेपर्यंत काही रायफली पहिल्या एक-दोन गोळ्या इतरांपासून बाजूला टाकतात, काही तसे करत नाहीत, आणि आपली रायफल कोणत्या प्रकारची हे केवळ पाहून सांगता येत नाही. यावर उपाय आहे, पण त्याला धीर लागतो: निशाणीचा एकच कागद जपून ठेवायचा, वेगवेगळ्या दिवशी, नळी पूर्ण थंड असताना त्यावर एकेकच गोळी झाडायची, प्रत्येक छिद्राशेजारी तारीख, तापमान आणि नळी साफ केली होती की नाही हे लिहायचे. काही आठवड्यांत त्या कागदावर जो झुबका तयार होतो तोच शिकारीतला खरा झुबका असतो, आणि तो बाकावरच्या झुबक्यापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. नेम बसवायचा तो या झुबक्याच्या मध्यावर. पुष्कळ अनुभवी शिकारी नळी साफ केल्यावर दोन-तीन गोळ्या झाडून मगच रायफल मोसमासाठी तयार समजतात आणि मोसम संपेपर्यंत ती पुन्हा घासत नाहीत, त्यामागचे कारण हेच आहे.

गोळीचा वेग मोजणे ही चाचणीची दुसरी बाजू. आज हे काम लहानशा रडारवर होते. त्याचा पाया मात्र बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये घातला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून, तो किती मागे झुलतो यावरून तिचा वेग काढण्याची त्यांची रीत तोफशास्त्राला मोजमापाच्या वाटेवर घेऊन आली. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंद्यांचे अभियंता म्हणून भारतात आले आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावले. वेग मोजायचा तो मुख्यतः हवामानाच्या भीतीने. जुलैच्या उन्हात नेम बसवलेली रायफल जानेवारीत शून्याखाली 20 अंशांवर वापरली जाते तेव्हा काडतुसातील दारूच्या ज्वलनाचा दाब कमी होतो आणि गोळी मंदावते. दुसरीकडे उंच पठारावरची विरळ हवा गोळीला कमी अडवते. त्याहून साधी आणि म्हणून दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टमधले वंगण. उन्हाळ्यात सढळ हाताने लावलेले तेल थंडीत घट्ट होते, काडतुसाच्या बुडावर आघात करणारी कीलक संथ पडते आणि ऐन वेळी नुसता खट् असा आवाज होतो. म्हणून चाचणीचा निदान एक दिवस कडाक्याच्या थंडीतला असला पाहिजे.

वारा हा सर्वांत कठीण विषय. 55 ग्रेनच्या .22-250 गोळीला ताशी 10 मैलांचा आडवा वारा 200 यार्डांवर साडेतीन इंचांच्या आसपास, तर 300 यार्डांवर आठ इंचांच्या आसपास ढकलतो; अंतर दीडपट झाले की विचलन दुपटीहून वाढते. आता शिकाऱ्याने वाऱ्याचा अंदाज ताशी 5 मैलांनी चुकवला असे समजले तर 200 यार्डांवर गोळी पावणेदोन इंच बाजूला जाईल, म्हणजे पाच इंची वर्तुळात कशीबशी राहील. 300 यार्डांवर ती चार इंच सरकून वर्तुळाबाहेर, पोटात किंवा खांद्याच्या कडेला लागेल. रायफल स्वतः 300 यार्डांवर तीन इंचांचा झुबका देत असूनही तिथे झाडलेली गोळी भरवशाची राहत नाही. वायोमिंगच्या माळावर वारा नसलेला दिवस दुर्मीळच, त्यामुळे वादळी दिवशीही कागदावर गोळ्या झाडून पाहणे हा चाचणीचा अपरिहार्य भाग ठरतो.

शेवटचा टप्पा बाक सोडून जमिनीवर येण्याचा. जाड हिवाळी कोट आणि हातमोजे घालून, बुडाखाली थंड माती, गुडघे वर, पुढे दोन किंवा तीन पायांची काठी आणि तिच्यावर रायफल, अशा बैठकीत झाडलेल्या गोळ्या बाकावरच्या गोळ्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट पसरतात. कोटाच्या जाडीमुळे दस्ता खांद्यावर वेगळ्या जागी बसतो, डोळा दुर्बिणीच्या मागे थोडा मागेपुढे होतो, आणि हातमोज्यातल्या बोटाला दोन-अडीच पौंडांचा हलका चाप आहे की नाही हेच कळत नाही. या बैठकीतून, थंड नळीने, शिट्टी तोंडातून खाली टाकून काही क्षणांत झाडलेली गोळी ज्या अंतरापर्यंत पाच इंची वर्तुळात पुन्हा पुन्हा पडते, ते अंतर त्या शिकाऱ्याची आणि त्या रायफलीची मर्यादा समजावी. ती 150 यार्ड निघाली तर 150 यार्डच. पाठीमागे टेकायला खडक असताना ती वाढेल, वारा वाढल्यावर घटेल, आणि पिकअप गाडीच्या मागच्या भागात कच्च्या रस्त्याने दिवसभर हिंदकळलेल्या रायफलीच्या बाबतीत तर ती कागदावर एक गोळी झाडून तपासल्याशिवाय गृहीतच धरता येणार नाही.